तीन वाट्या आणि न वाजलेलं मशीन

ताजी बातमी अशी, की आत्याच्या वॉर्डातलं मतदान पार पडलं आणि मशीन सील होऊन भोकरदनला गेलं. आज सकाळी खुद्द आत्यानंच फोनवर सांगितलं. ती ग्रामपंचायतीला उभी आहे. चिन्ह शिलाई मशीन. गावाचं नाव तिच्याच सांगण्यावरून लिहीत नाही.

मतदानाच्या आदल्या दिवशी औरंगाबादहून निघालो. जालन्याला एसटी बदलून राजूरमार्गे केदारखेडा. तिथून आत काळीपिवळी जीप: दहा रुपये, भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरली की नाही हे ड्रायव्हर ठरवतो. राजूरला गाडी थांबली की भजी खाऊन घ्या. पुढं चहाशिवाय काही मिळत नाही.

पोचलो तर अंगणात तालीम चाललेली. खाटेवर स्टीलची एक वाटी उपडी, तिच्यावर शिलाई मशीनचं चित्र. बायका एकेक करून वाटी दाबत आणि शेजारी बसलेले मामा, म्हणजे आत्याचे यजमान, तोंडानं "पीं" करत.

"एकच दाबायचं," आत्या बजावत होती. "दुसऱ्याला दिलं की आपलं कमी होतं. आन् आवाज आल्याबिगर हलायचं न्हाई."

वॉर्डात जागा तीन. प्रत्येक जागेसाठी वेगळं मत, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. मी हे सांगून पाहिलं.

"तुमच्या औरंगाबादचं मशीन येगळं असंल," आत्या म्हणाली आणि भाकरी वाढली. ठेचा फर्मास होता.

सकाळी शाळेत मतदान सुरू झालं. शेजारच्या कौसाबाई आत गेल्या त्या बाहेर येईनात. तिन्ही मतं पडल्याशिवाय मशीन वाजत नाही, आणि या शिलाई मशीनच दाबत राहिल्या होत्या. शेवटी केंद्राध्यक्षांनी बटण दाबून त्यांचं मतदान बंद केलं आणि मत नोंदलं गेल्याचं सांगितलं.

"कशाचं नोंदलं?" बाहेर येऊन कौसाबाई म्हणाल्या. "ते तर बोललंच न्हाई."

आणखी काही जणींचं तसंच झालं. मशीन आत्याचं मत घेत नाही, असं गावभर झालं. रांगेतल्या तिच्या बायका घरी निघून गेल्या. आत्या ओट्यावर बसून राहिली.

दुपारी खाटेवर तीन वाट्या आल्या.

"बाकीच्या दोन्हींत कुणाला दाबू, काकू?" एकीनं आत्याला विचारलं.

"दाब कुणाला बी. पण वाजीव."

समोरच्या पॅनेलच्या सुमनबाईंचेही मतदार अडकले होते. त्यांनी आपली माणसं आमच्याच अंगणात धाडली. मामा दोन्हीकडच्यांसाठी पीं करत होते.

"मामा, आमच्या टायमाला बारीक आवाज काढला तुमी."

"बराबर काढला. तुमच्या पॅनेलला तेवढाच बास."

संध्याकाळपर्यंत मशीन व्यवस्थित वाजत होतं. मी शेवटची जीप पकडली.

घरी आल्यापासून ओट्यावरची आत्या डोळ्यांसमोरून हलत नाही. सकाळच्या त्या मुक्या मतांवरच सगळं अडलंय, असं तिचं म्हणणं. केंद्राध्यक्षांवर तिचा विश्वास नाही. उद्या भोकरदनला मोजणी आहे. निवडून आली तर मशीन न बोलताही ऐकतं हे तिला मानावं लागेल. पडली तर ती फेरमोजणी मागणार आहे. फेरमोजणी म्हणजे त्याच मशीनचं निकालाचं तेच बटण पुन्हा दाबणं, हे तिला अजून कुणी सांगितलेलं नाही.