अक्का पाचवं शील का ऐकायची

हट्ट्याहून दाजींचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात डबा उघडून बसलो होतो. "अक्का गेली," एवढंच ते म्हणाले. पाण्याचा घोट श्वासनळीत गेला, त्यातून न्युमोनिया झाला... आमच्या घराण्यातल्या आजारात असा घोट चुकतो, हे अक्कानंच मला समजावून ठेवलं होतं. शेवट कसा येणार हे तिला पाठ होतं, तरी माझ्या तोंडचं पाणी पळालं. सहा आठवडे झाले, अजून घास गिळताना मी थांबतो.

हा आजार आमच्या बापाकडून आला. बाबांनी आयुष्यात दारूला हात लावला नाही. पण पन्नाशीच्या आत त्यांची जीभ जड झाली, मग पाय फाकायला लागले, आणि सगळा गाव म्हणाला, लागला हा प्यायला. विहारात वडीलधारे त्यांना उभं करायचे आणि दारू न पिण्याचं पाचवं शील तीन-तीनदा म्हणायला लावायचे. त्यातला तो लांबलचक जोडशब्द बाबांच्या तोंडात मोडायचा. लोक हसायचे. मीही तेव्हा लाजेनं मान खाली घातली होती, हे आज कबूल करतो.

अक्का आशाताई होती, अख्ख्या गावाची दुखणी तिच्या वहीत. चाळिशी उलटल्यावर तिचीच जीभ अडखळली, तेव्हा ती रडत बसली नाही, सरळ संभाजीनगर गाठलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून सांगितलं, की एका जनुकातला छोटा तुकडा गरजेपेक्षा जास्त वेळा लिहिला गेलाय, त्यानं लहान मेंदू झिजतो. प्रत्येक लेकरात तो उतरण्याची शक्यता निम्मी. पण कुठल्या बिघाडानं आधी काय जातं, हे घराण्याघराण्यात तपासावं लागतं. झालं, अक्का काठी टेकत शिरड शहापूरच्या चुलत्यांपर्यंत सगळी भावकी फिरली. सालं कुणाला आठवत नसत, म्हणून ती विचारायची, कोणत्या जयंतीच्या मिरवणुकीत हे शेवटचे नीट नाचले? मला म्हणाली, "आपल्यात आधी जीभ जाते, मंग पाय. डॉक्टरीणबाईला हे सांगणारं दुसरं कोण हाय, बाळू?"

सगळ्यांचं रक्त तिनं मिळवलं. माझं मी दिलं नाही. भीती वाटत होती, दुसरं काही नाही. तिनं जबरदस्तीही केली नाही. फक्त दर रविवारी फोन करायची आणि शेवटी म्हणायची, "पंचशील म्हण बरं माझ्यासंग." म्हातारपणी धार्मिक झाली म्हणून मी तिची थट्टा करायचो.

अक्काच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर दाजींनी तिची वही माझ्या हातात दिली. प्रत्येकाचं एक पान होतं. माझंही होतं. रविवारमागून रविवार, पाचव्या शीलापुढे एकच शब्द: स्वच्छ, स्वच्छ, स्वच्छ... शेवटच्या तीन ओळींचं अक्षर वेडंवाकडं झालं होतं, पण वाचता आलं. 'बाळू अडखळला. परत अडखळला. प्रज्ञाची सोयरीक जमून राहिली, आता सांगत न्हाई.'

मला तिचा भयंकर राग आला. जगाला लपवू नका म्हणून सांगत फिरली आणि माझ्यापाशीच लपवलं. प्रज्ञा माझी एकुलती लेक, कनेरगाव नाक्याच्या घरात तिचं ठरत आलंय. पण वही कपाटात दडवून मी तरी काय वेगळं केलं? आठ दिवस मी घरात कमीत कमी बोललो.

परवा प्रज्ञानंच ती वही काढून वाचली. मला समोर बसवलं. "पप्पा, पाचवं शील म्हणा," ती म्हणाली. मी म्हटलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावरही तिनं ते उघडले नाहीत.

आता तू म्हण, असं माझ्या ओठांवर आलं होतं. माझी हिंमत झाली नाही.