कुणी कुणाला बाहेर काढलं

आर्डिस हासेची उमेदीची सगळी वर्षं नेब्रास्कातल्या एका लहान गावात, शाळेच्या स्वयंपाकघरात गेली. मोठमोठ्या गॅसच्या शेगड्यांवर ती पोरांसाठी मक्याचं सूप आणि टर्कीचा रस्सा रांधायची. तिचा नवरा व्हर्लिन धान्याचा ट्रक चालवायचा. यंत्राला त्याचा हात लागला की ते बोलायला लागतं, असं गाव म्हणायचं. गावापेक्षा जास्त तो स्वतःच म्हणायचा. घरात काही बिघडलं आणि आर्डिसनं नुसतं बोट दाखवलं, तरी त्याचं ठरलेलं होतं, "तू बाजूला हो." ती बाजूला व्हायची. भांडायचा तिचा स्वभाव नव्हता, आणि खरं सांगायचं तर तो बहुतेक वेळा दुरुस्त करूनही दाखवायचा.

दोघं निवृत्त झाली तेव्हा व्हर्लिननं घर विकायला काढलं. पिकअपमागे जोडायचा एक जुना कॅम्पर ट्रेलर घेतला. दिवाणाएवढा पलंग, चार बर्नरची शेगडी, खाली ओव्हन, पुढच्या दांडीवर प्रोपेन गॅसचे दोन सिलिंडर. हिवाळाभर ॲरिझोनाच्या वाळवंटात ऊन खात बसायचं आणि उन्हाळ्यात परत यायचं, असा त्याचा बेत होता. तिच्या ओळखीची निम्मी म्हातारी मंडळी तेच करत होती.

"आणि माझे टोमॅटो?" आर्डिसनं विचारलं.

"कुंडीत लाव," तो म्हणाला.

ट्रेलरमध्ये पलंगाच्या पायथ्याशी, जमिनीलगत एक पांढरी डबी भिंतीत बसवलेली होती. गॅस गळला तर तो जड असल्यामुळे खाली साचतो, म्हणून डबी खाली. शेगडीला जळायला हवा कमी पडली की बिनवासाचा विषारी कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो, तोही ती ओळखायची. ओळखलं की कान फाटतील असा आवाज करायची. अडचण एवढीच की त्यांचं म्हातारं कुत्रं, डंपलिंग, नेमकं तिच्यासमोर झोपायचं, आणि त्याच्या पोटात कायम वारा असायचा.

"कुत्रं पादलं तरी बोंबलतेय ही," व्हर्लिन म्हणाला. डबीची मुदतही संपत आली होती, त्यामुळे ती मधूनमधून उगीचच टिकटिक करायची. एका संध्याकाळी त्यानं स्क्रू काढले, दोन वायरी तोडल्या आणि डबी हत्यारांच्या पेटीत टाकून दिली.

"अरे, नवीन तरी आण," आर्डिस म्हणाली. "शाळेत आम्ही डबीशिवाय शेगडी पेटवली असती तर मुख्याध्यापकांनी घरी पाठवलं असतं."

"ही शाळा नाही. आणि मी पोर नाही."

पुढच्या गावात तिनं दुकानाची पाटी दाखवली. त्यानं गाडी थांबवली नाही. त्या आठवड्यात ती दोनदा परत म्हणाली, मग म्हणायची थांबली.

नोव्हेंबरात दक्षिणेकडे जाताना न्यू मेक्सिकोच्या डोंगरात बर्फाच्या वादळानं त्यांना गाठलं. रस्ता बंद झाला. एका पेट्रोल पंपामागच्या मोकळ्या जागेत पंधरावीस गाड्या अडकून पडल्या, त्यांत हेही. दुपारची वेळ, पण उजेड नाही. ट्रेलरच्या हीटरचा पंखा बॅटरीवर चालायचा आणि बॅटरीनं मान टाकली होती. व्हर्लिननं चारही बर्नर पेटवले, ओव्हन पेटवून त्याचं दार उघडं टाकलं. छताच्या झरोक्यातून गार वारा येत होता, तर तिथं उशी कोंबली.

"खिडकी बोटभर उघडी राहू दे," आर्डिस म्हणाली. "शेगडी रांधायला असते. तिनं खोली तापवायची नसते."

"म्हणजे आता सबंध न्यू मेक्सिको तापवू? बस गप."

थोड्या वेळानं तिचं डोकं ठणकायला लागलं. डंपलिंग कण्हत होतं, त्याला बाहेर न्यायला हवं होतं. ती त्याला घेऊन पंपावर गेली, कॉफीच्या रांगेत उभी राहिली. तिथं उभ्या उभ्या तिच्या लक्षात आलं की डोकं ठणकायचं थांबलं आहे. बाहेर थंडीत थांबलं आणि ट्रेलरच्या उबेत ठणकत होतं. तिनं रांग सोडली आणि बर्फातून जमेल तेवढ्या घाईनं परत निघाली.

व्हर्लिन बाकावर आडवा होता. गाल लहान मुलासारखे गुलाबी, तोंड उघडं. तिनं हाक मारली, गालावर चापट्या मारल्या, डोळा उघडेना. तिनं शेगडीची सगळी बटणं बंद केली, दार सताड उघडलं, त्याच्या काखेत हात घातले आणि ओढायला सुरुवात केली. सहा फुटी माणूस. दारात तो अडकला तेव्हा तिनं सगळं अंग मागं टाकलं. तिच्या उजव्या खांद्यात काहीतरी तुटल्यासारखा आवाज झाला आणि दोघंही लोखंडी पायऱ्यांवरून बर्फात कोसळली. शेजारच्या ट्रकमधला ड्रायव्हर धावत आला. त्यानं ॲम्ब्युलन्स बोलावली आणि आपलं जाकीट व्हर्लिनवर पांघरलं. आर्डिस एका हातानं चाचपडत पुढच्या दांडीपाशी गेली आणि दोन्ही सिलिंडरचे कॉक बंद केले. ड्रायव्हरचं नाव तिनं विचारलं नाही. त्याचा पुढे तिला फार पस्तावा झाला.

लहानसं इस्पितळ होतं. व्हर्लिनच्या तोंडावर ऑक्सिजन लावला होता. नर्सनं विचारलं, "ट्रेलरमध्ये अलार्म नव्हता?"

"होता," आर्डिस म्हणाली. "काढून टाकला."

"कुणी?"

आर्डिसनं पलंगाकडे पाहिलं. व्हर्लिन जागा होता. त्यानं डोळे मिटून घेतले.

तिसऱ्या दिवशी मुलाचा, लाइलचा फोन आला. व्हर्लिन बोलत होता आणि आर्डिस गळ्यात अडकवलेला हात सांभाळत शेजारी बसली होती. "माझं डोकं जरा जड झालं," तो सांगत होता. "मला लगेच कळलं काय ते. तुझ्या आईला म्हटलं, दार उघड. दोघं बाहेर पडलो." तिला वाटलं, पोराला काळजी नको म्हणून सांगतोय. तिनं ते चालवून घेतलं.

ॲरिझोनात पोहोचेपर्यंत त्याच्या सांगण्यातून तिचं दार उघडणं गेलं होतं. त्यानं स्वतःच उघडलं होतं. ट्रेलरवाल्यांच्या कॅम्पच्या ऑफिसात नाव नोंदवताना बाईनं खांद्याबद्दल विचारलं, तर आर्डिसच्या आधी तोच बोलला, "गॅसच्या भानगडीत सापडलो होतो. हिला बाहेर काढताना पायरीवर पडली बिचारी."

बाई म्हणाली, "देवाची कृपा, तुम्ही जागे होतात."

त्या संध्याकाळी ट्रेलरमध्ये ती म्हणाली, "तू असं का सांगितलंस?"

"काय सांगितलं?"

"मला तू बाहेर काढलंस म्हणून."

"मग काय, ऑफिसातल्या बाईपुढे सबंध पुराण लावू?" तो म्हणाला आणि त्यानं रेडिओ लावला.

एक मात्र झालं. दुसऱ्याच दिवशी त्यानं नवी डबी आणून बसवली. रेग्युलेटर बदलला, रबरी नळीला चिरा गेल्या होत्या ती बदलली. आणि एवढं करून त्याला चैन पडेना. शेजारच्या नॉर्बर्टच्या ट्रेलरपाशी जाऊन तो वाकून बघायला लागला. "ही नळी कधीची? डबीवर तारीख बघितलीस कधी? काही वर्षांनी ती बाद होते, बाबा. नुसता दिवा लागतो म्हणून जिवंत समजू नकोस." नॉर्बर्टनं दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. नाताळापर्यंत सगळा कॅम्प त्याला 'गॅसवाला व्हर्लिन' म्हणायला लागला. दर शुक्रवारी दुपारी तो मंडपात खुर्च्या मांडून नव्या लोकांना चार गोष्टी सांगायचा. बायका केक आणायच्या.

आर्डिस मागच्या खुर्चीवर बसायची. "शेगडी रांधायला असते," व्हर्लिन सांगायचा, "तिनं खोली तापवायची नसते. रांधतानाही खिडकी बोटभर उघडी. सिलिंडर कायम उभा, आडवा कधी नाही. गाडी चालू करण्याआधी कॉक बंद. वास आला तर दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही, चालूही नाही, बंदही नाही. माणसं बाहेर, कॉक बंद, मग फोन." मग तो हात पुढे करायचा आणि आर्डिस त्याला साबणाच्या पाण्याचं भांडं आणि ब्रश द्यायची. तो सांध्यांना फेस लावून दाखवायचा. बुडबुडे वाढले तर गळती आहे. हे सगळं ती शाळेत नव्या मुलींना शिकवायची. व्हर्लिनला कधीतरी जेवताना तिनंच सांगितलं असणार. तो तेव्हा ऐकत होता याचंच तिला नवल वाटलं.

शेवटी तो न्यू मेक्सिकोची गोष्ट सांगायचा. दर शुक्रवारी बर्फ थोडा वाढायचा. आर्डिस बेशुद्ध होती, असंही एकदा आलं आणि मग कायमच राहिलं. लोक वळून तिच्याकडे बघायचे. ती मान खाली घालायची, तर त्यांना वाटायचं आठवणीनं हेलावली.

एकदा नॉर्बर्टच्या बायकोला, ग्लेंडाला, तिनं कपडे वाळत घालताना सरळ सांगून टाकलं. "बेशुद्ध मी नव्हते. तो होता. अलार्म त्यानंच काढला होता."

ग्लेंडानं चिमटा तोंडातून काढला. "अगं, त्या वायूनं आठवणींचा घोटाळा होतो म्हणे. व्हर्लिननंच तर सांगितलं शुक्रवारी."

आर्डिसनं टॉवेल झटकला. डाव्या हातानं, कारण उजवा आता कानाच्या वर जात नव्हता.

फेब्रुवारीत डेनीस कोस्केला नावाची एक तरुण मुलगी नवरा आणि रांगतं बाळ घेऊन कॅम्पात आली. शुक्रवारी व्हर्लिनचं बोलणं तिनं ऐकलं, आणि पुढच्याच आठवड्यात तिच्या ट्रेलरमध्ये फ्रिजमागचा सांधा सुटला. नवरा कामावर गेलेला. बाळ जमिनीवर खेळत होतं. कुजक्या अंड्यासारखा वास आला. तिनं दिवा लावला नाही, फोनही आत उचलला नाही. बाळाला काखोटीला मारून बाहेर पडली, कॉक बंद केला आणि मग शेजाऱ्यांना हाक मारली. दुरुस्तीवाला गुस्तावो आला. त्यानं बघून मान हलवली. म्हणाला, "फ्रिजची एक ठिणगी पुरली असती."

संध्याकाळी डेनीस पीचचा केक घेऊन आली आणि व्हर्लिनच्या गळ्यात पडून रडली. "तुमच्यामुळे माझं बाळ आहे," ती म्हणाली. व्हर्लिनचेही डोळे भरून आले. तो नाटक करत नव्हता, हे आर्डिसला स्पष्ट दिसत होतं. तिनं केक कापून बशा भरल्या. बाळ तिच्या स्कर्टला धरून उभं राहायला बघत होतं. या बाळासमोर उभं राहून ती काय सांगणार होती? की हा माणूस खोटा आहे? त्याचा शब्दन् शब्द खरा ठरला होता.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला ती म्हणाली, "व्हर्लिन, लोकांना काय सांगायचं ते सांग. पण इथं, आपण दोघंच असताना, एकदा खरं बोल. तुला मी बाहेर काढलं."

त्यानं काटा खाली ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं. "आर्डिस," तो मऊ आवाजात म्हणाला, "मी केवढा, तू केवढी. तू मला कशी ओढणार? डॉक्टर म्हणालेच होते, तुला नीट आठवणार नाही म्हणून. तू त्रास करून घेऊ नकोस."

"डॉक्टर तुझ्याबद्दल म्हणाले होते."

"बरं," तो म्हणाला आणि तिच्या हातावर थोपटलं.

तिला तेव्हा कळलं, तो लपवत नव्हता. त्याच्या डोक्यात ते तसंच घडलेलं होतं. आता ती एकटीच उरली होती. आणि हा माणूस तोंडानं नाही तरी मनानं तरी एक दिवस कबूल करेल, म्हणून ती इतके महिने थांबली होती.

एप्रिलमध्ये नेब्रास्काला परतल्यावर तिनं लाइलच्या गावात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. विजेची शेगडी असलेल्या. लाइल म्हणाला, "मॉम, डॅडनी तुझा जीव वाचवला आणि तू त्यांना एकटं पाठवणार?"

"त्याला तिथं एकटं वाटणार नाही," ती म्हणाली.

व्हर्लिननं फार ओढून धरलं नाही. पुढच्या हिवाळ्यात तो कुत्रं घेऊन एकटाच दक्षिणेला गेला. कॅम्पात त्यानं काय सांगितलं ते तिला डेनीसकडून कळलं. नाताळच्या आदल्या दिवशी डेनीसनं फोन केला होता.

"व्हर्लिन म्हणाले, त्या प्रसंगानं तुम्ही फार घाबरलात, ट्रेलरमध्ये पाय ठेववत नाही तुम्हाला," डेनीस म्हणाली. "मी समजू शकते. पण आर्डिस, असा माणूस सोबत असताना कशाला घाबरायचं? या ना परत. ते तुमच्याबद्दल किती मायेनं बोलतात."

आर्डिस खिडकीशी उभी होती. खाली लाइल तिच्या गाडीवरचा बर्फ खरवडत होता.

"बाळ चालायला लागलं का?" तिनं विचारलं.

"पळतंय आता. हातात सापडत नाही."

"जप त्याला," आर्डिस म्हणाली. "आणि व्हर्लिनला विचार, डबीची तारीख बघितली का."

डेनीस खळखळून हसली. "त्यांना? त्यांना मी विचारू?"