संकेश्वराजवळचा फाटा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच, आणि खरं तर सांगायचं तिलाच होतं.

छप्पनच्या नोव्हेंबरात राज्यं नव्यानं आखली गेली. आमचं कोल्हापूर मुंबई राज्यात राहिलं आणि कागल ओलांडलं की म्हैसूर राज्य सुरू झालं. माझी सासुरवाडी पलीकडं गेली. संकेश्वराजवळच्या एका फाट्यावर उतरून आत कोसभर चाललं की ते गाव. सासरे गुळाच्या गाड्या घेऊन कोल्हापूरच्या शाहूपुरी पेठेत यायचे, त्या ओळखीतून आमचं लग्न जमलं होतं. ते गेल्यावर घरात सासू आणि धाकटा मेहुणा एवढेच उरले. घरातलं बोलणं कानडी. सासूला मराठी समजायचं, पण बोलायला दोन-चार शब्दच यायचे. मला ती 'अळिया' म्हणायची, म्हणजे जावई. पुढचं सगळं हसण्यावर भागवायची.

मी तेव्हा शाळामास्तर होतो, आणि सीमेच्या प्रश्नावर तावातावानं बोलणारा. एकदा शाळेतल्या सभेत बोलून गेलो, "माझी सासुरवाडीच पलीकडं आहे. तिथं चुलीपाशीसुद्धा मराठीच बोलतात, मला विचारा!" टाळ्या पडल्या. मग जो तो मला तेच विचारायला लागला आणि मी तेच सांगत गेलो. खोटं एकदा बोलून संपत नाही, त्याला रोज पाणी घालावं लागतं.

पुढच्या उन्हाळ्यात आमच्या शाळेतल्या इतिहासाच्या मास्तरांनी हलशीला जायचा बेत काढला. खानापूरच्या रानातलं गाव, कदंबांची जुनी राजधानी. पडकी देवळं आणि दगडांवरचे लेख बघायचे, दिवसात जाऊन यायचं. भाड्याच्या मोटारीत ते नवराबायको, आम्ही नवराबायको आणि ड्रायव्हर.

बायकोला चौथा महिना होता. तीन महिने होईपर्यंत सांगायचं नसतं म्हणून माहेरीही कळवलं नव्हतं. सासू कोल्हापूरला येत नसे. मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, हा जुना नेम ती पाळायची.

"अवो, येताना फाट्यावर जरा थांबूया की," बायको म्हणाली. "बाजाराला येणाऱ्या माणसाकडनं अव्वाला निरोप धाडते. मला माझ्या तोंडानं सांगायचंय."

आईला ती अव्वा म्हणायची. मी हो म्हटलं. ड्रायव्हरला सांगायचं काम माझ्याकडं घेतलं. तिनं रुमालाच्या टोकाला मूठभर साखर बांधून घेतली.

पहाटे निघालो. कागलच्या पुढं हद्दीवरची नवी पाटी मोटारीच्या दिव्यात चमकली. ड्रायव्हर म्हणाला, "उतरा पावणं, परदेश आला!" सगळे हसलो.

पाटीवरची कानडी अक्षरं बघून इतिहासमास्तर माझ्याकडं वळले. "काय हो, तुमच्या सासुरवाडीत ही पाटी वाचता तरी येते का कुणाला?"

"छे!" मी म्हणालो.

मागं बायको बसली होती. तिनं ऐकलं. उजाडता उजाडता तो फाटा मागं पडला, तेव्हा तिनं वळून रस्त्याकडं तेवढं बघितलं. ड्रायव्हरला मी अजून काही सांगितलं नव्हतं.

हलशीत नरसिंहाच्या देवळात दोन गाभारे समोरासमोर आहेत. एकात नरसिंह, दुसऱ्यात पृथ्वी उचलून धरलेला वराह, आणि मधे गार अंधारा मंडप. बाहेर आणखी देवळं होती, कुणाची शिखरं गेलेली, कुणाच्या भिंतीतून पिंपळ आलेला. इतिहासमास्तर लेखांच्या दगडांवर पाणी मारून अक्षरं बोटानं चाचपत होते आणि दर दगडापाशी "हे आपलं" म्हणत होते. मी त्यांच्या मागं मान हलवत फिरलो. ती देवळं मी बघितली असं आज म्हणवत नाही. माझं सगळं लक्ष एकाच हिशेबात होतं: फाट्यावर गाडी थांबेल, म्हातारी कानडीत बोलायला लागेल, आणि हे ऐकतील.

मंडपात बायका टेकल्या होत्या. "कितवा गं?" असं दुसरीनं विचारलेलं मी ऐकलं.

"चौथा. पण कुठं बोलू नका हं. अजून माझ्या आईला सांगायचंय. ती संध्याकाळी भेटणार हाय."

परतताना दोघी मागं झोपी गेल्या. पुढं ड्रायव्हरच्या शेजारी इतिहासमास्तर आणि खिडकीशी मी. ऊन उतरलं होतं पण चांगलं दिसत होतं. फाट्यावरच्या आंब्याखाली सासू उभी होती. इरकली लुगडं, काखेत गाठोडं. गाडी दिसताच तिनं हात वर केला.

"म्हातारी हात कराय लागलीया," ड्रायव्हर म्हणाला. त्यानं गाडी हळू केली. "घ्यायची व्हय निपाणीपतूर?"

"नको, चला. ओळखीची नाही."

ओळखीची आहे का, असं मला कुणी विचारलंच नव्हतं.

गाडी तिच्या अंगावरून गेली म्हणावी इतकी जवळून गेली. तिनं मला बघितलं. हात वर होता तो तिनं सावकाश खाली घेतला आणि पदर सारखा केला, जावयासमोर करायची तसा. इतिहासमास्तर कुठल्याशा राजाची हकिकत सांगत होते, ती त्यांनी पुढं सुरू केली. बोलायला जोरकस होते, पण माणूस वाईट नव्हता. कळलं असतं तर उतरून म्हातारीच्या पाया पडले असते. पण हे सुचायला मला वर्षं लागली.

निपाणीला ते आणि ड्रायव्हर चहाला उतरले. मी चहा घेऊन बायकोच्या खिडकीशी गेलो. ती जागी होऊन डोळे चोळत होती, शेजारची अजून झोपेतच होती.

"फाटा आला?"

"गेला मागं. कुणी नव्हतं तिथं. म्हणून उठवलं नाही."

"अव्वा न्हवती?"

"नव्हती."

ती मागच्या काचेतून रस्त्याकडं बघत राहिली. मग रुमालाची गाठ सोडून माझ्यापुढं धरली. "घ्या. तुम्ही तरी तोंड गोड करा."

ती साखर मी खाल्ली.

ती आईवर रुसली. "एवढा निरोप धाडला, एक कोस चालवंना तिला? आता इचारील तवा सांगीन," म्हणाली आणि काहीच कळवलं नाही. मी आग्रह केला नाही. पत्र गेलं असतं तर उलट पत्र आलं असतं. श्रावण लागायच्या आत सासू तापानं गेली. आम्ही पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. नातवंड होणार हे तिला कळलंच नाही.

ओसरीवर मेहुणा बहिणीला, मी समोर होतो म्हणून मराठीत, म्हणाला, "अक्का, त्या दिवशी अव्वा निघालती की. गुडघं धरलं म्हणून अर्ध्या वाटंतनं परत आले, म्हणाली. लई हळहळली."

मी खांबाला टेकून उभा होतो. ती कुठवर आली होती ते त्या घरात फक्त मला ठाऊक होतं. जावयाची अब्रू राहावी म्हणून तिनं स्वतःच्या गुडघ्यांवर घेतलं होतं.

आमची मुलगी आता कॉलेजात आहे. बायकोचे गुडघे अलीकडं दुखतात. जिना चढताना मध्येच थांबते आणि म्हणते, "अव्वाला उगीच बोलले हो मी. पण आणखी जरा चालली असती तर भेटली असती." दर वेळी मी तिला हात देतो आणि पुढची पायरी चढवतो.

तिची आई अर्ध्या वाटेतून परतली नव्हती. फाट्यावर आली होती, उभी होती, आणि मी तिला पाहिलं होतं. एवढं मला माझ्या बायकोला सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.