पिल्लू दहा दिवस जगायला हवं

मुलीला पिल्लू चावलं ते खेळताना. अंगठ्याजवळ दोन बारीक भोकं पडली, थोडं रक्त आलं. पिल्लू घरी येऊन तीन दिवस झाले होते. मी जखम साबणाने धुतली आणि निर्धास्त राहिलो, कारण लशीचं कार्ड माझ्याजवळ होतं. लॅब्रॅडॉर, मादी, वय तीन महिने, रेबीजची लस दिली. खाली शिक्का.

दुपारी पिल्लाला उलट्या झाल्या, म्हणून भोरमधल्या पशुवैद्य बाईंकडे नेलं. त्यांनी कार्ड बाजूला सारलं आणि पिल्लाचा ओठ बोटाने वर केला.

"दुधाचे दातसुद्धा पुरते आलेले नाहीत. पाच आठवड्यांचं असेल. या वयात ही लस देत नाहीत. याची आई पाहिलीत का?"

पाहिली नव्हती. मुलीला पिल्लू चावल्याचं मी तेव्हा सांगितलं.

"मग इथे काय करताय? तिला दवाखान्यात न्या. याचं मी बघते."

सरकारी दवाखान्यात मुलीला पहिलं इंजेक्शन मिळालं, जखमेभोवती सीरम टोचलं. पिल्लू पुढचे दहा दिवस जगलं आणि नीट राहिलं तर धोका नव्हता असं धरता येईल, मधेच मेलं तर लगेच कळवा, असं डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या दिवशी पिल्लाला रक्ताची हगवण लागली. पशुवैद्य बाईंनी पार्व्होचं, म्हणजे पिल्लांच्या जीवघेण्या विषाणूरोगाचं, निदान केलं आणि सलाईन लावलं. वाचेलच याची खात्री नाही, असंही त्या म्हणाल्या.

बातमी दोन ठिकाणी पडताळल्याशिवाय छापायची नाही, या शिस्तीत मी वर्तमानपत्रात इतकी वर्षं काढली. पिल्लू घेताना मात्र मी काहीच विचारलं नव्हतं. उलट प्रश्नांना वैतागूनच घाटापलीकडच्या, पिल्लांची पैदास करून विकणाऱ्या एका शेडवर गेलो होतो. आमच्या आळीत एक निवृत्त शिक्षक आहेत. त्यांनी आपल्या कुत्रीला एकदाच पिल्लं होऊ दिली, तीही तिची तपासणी करून. मी पिल्लू मागायला गेलो तेव्हा त्यांनी मला आधी कुत्रीजवळ बसवलं.

"दिवसभर घरी कोण असतं?" त्यांनी विचारलं.

"कुणीतरी असतंच."

"कुणीतरी म्हणजे कोण, पत्रकारसाहेब? तुम्ही असं छापता का?"

शिवाय दोन महिने होईपर्यंत पिल्लू आईपासून तोडणार नाही, असंही ते म्हणाले. मला तो अपमान वाटला. शेडवाल्याने काही विचारलं नाही. पिल्लू फाटकाबाहेर आणून हातात दिलं.

पिल्लू चावल्याच्या चौथ्या दिवशी पाबे घाट उतरून मी पुन्हा त्या शेडवर गेलो. या वेळी आत शिरलो. पत्र्याखाली जाळीचे पिंजरे होते, प्रत्येकात एक कुत्री. परका माणूस आत आला तरी एकही भुंकली नाही. एकीच्या अंगाखाली पिल्लं होती आणि ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"यांना लस कोण देतं?"

"ह्यास्नी कशाला? ह्या हितनं भाईर जात्यात व्हय?" शेडवाला हसला. "सायेब, तुमी लईच इचार करताय."

कोपऱ्यातला पिंजरा उघडा होता. जाळीच्या तारा खालच्या बाजूला दातांनी वाकवलेल्या होत्या.

"यातली कुठं आहे?"

"चावाय लागली. माज्या भावालाच धरलं. मंग दिली सोडून डोंगराकडं."

"माझ्या पिल्लाची आई तीच का?"

"आसंल. न्हाई ध्येनात."

भावाने इंजेक्शन घेतलं का, हे विचारलं. त्याने हळद भरली होती.

त्याला आजच दवाखान्यात न्या, असं मी शेडवाल्याला दोनदा बजावलं. डोंगराखालच्या दोन गावांत थांबून लोकांना सावध केलं. तशी कुत्री कुणी पाहिली नव्हती. पशुवैद्य बाईंकडून पिल्लू घेऊन घरी आलो आणि ते दुसऱ्या खोलीत ठेवलं. हातमोजे घालून मीच त्याला चमच्याने पाणी पाजायचो. पाणी तोंडातून बाहेर आलं की माझी नजर मुलीच्या अंगठ्याकडे जायची. ते पार्व्होनेही होतं, हे मला ठाऊक होतं. सहाव्या दिवशी ते उठलंच नाही. पोट हलतंय का, हे बघत मी फरशीवर बसून राहिलो.

दहाव्या दिवशी सकाळी पिल्लू चार पायांवर उभं राहिलं आणि वाटीतली पेज चाटू लागलं. मुलगी दारातून आत आली. तिने हात पुढे केला आणि मी तिचं मनगट धरलं.

"दहा झाले ना, बाबा?"

झाले होते. मनगट मात्र मी सोडलं नाही.