बिल्ल्याखालचा मरून

बालाघाटात गोंदिया रोडवर गाड्या रंगवणारा एक जण बसायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. वडिलांच्या मोटरसायकलची टाकी घेऊन गेलो, तेव्हा उन्हानं तिचा मरून पार विटला होता. मूळचाच रंग हवा, नाहीतर राहू दे, असं वडिलांनी बजावलं होतं.

रंगांचं कार्ड मागितलं, तर त्यानं टाकीवरचा कंपनीचा बिल्ला काढला. खाली कधीच ऊन न लागलेला मरून होता. "हे पाहा कार्ड."

मग दुपारभर तो रंग कालवत राहिला. पत्र्यावर थेंब वाळवायचा, त्या मरूनशी धरायचा, मान हलवायचा. "ओला रंग खोटं बोलते, भाऊ. वाळू द्या त्याले." चमक किती ठेवायची, मी विचारलं. "आधी रंग जमू द्या."

पाचच्या सुमारास त्यानं मूळ मरूनवरच एक ठिपका दिला, वाळल्यावर घासून सपाट केला. "आता शोधा."

मी टाकी उन्हात फिरवून फिरवून पाहिली. सापडला नाही.

"अठीच त लावला," म्हणत तो दाखवायला वाकला. चष्मा पुसून पुन्हा वाकला. त्यालाही सापडेना.

तो सरळ उभा राहिला आणि अख्ख्या रोडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "हं, आता सांगा. चमक किती पाह्यजे?"