लेसिएली आत्याचा शब्द

लेसिएली आत्याला लिहिता-वाचता कधी आलं नाही, की नारळ सोलता आला नाही. तरी घरात तिच्यापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती. बापाची थोरली बहीण आमच्या बेटांवर सगळ्यांच्या वर. लग्न असो की मयत, पहिली चटई तिची, सगळ्यात मोठं डुक्कर तिचं. ती नाही म्हणाली की नाही.

डाउन सिंड्रोम हे नाव आम्हाला फार उशिरा कळलं. हिच्या अंगात सत्तेचाळीस गुणसूत्रं आहेत, एक जास्तीचं, असं राजधानीतल्या, नुकुआलोफाच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तेव्हा बाबा म्हणाले, "म्हणजे तिथंही ती आपल्याहून एकानं मोठीच." डॉक्टरीणबाईंनी आणखी एक सांगितलं होतं, की अशा माणसांना विसर लवकर गाठतो. चाळिशी उलटली आणि आत्या चर्चची वाट विसरली. मग जेवल्याचं विसरली, मग मला. बाबांचं नाव तेवढं तिच्या तोंडी राहिलं.

यंदा बाबाच गेले. आजारपणात त्यांनी मला बजावलं होतं, "पोरी, मी गेल्यावर माझ्या उशाशी माझी थोरली बहीण बसेल. दुसरी कुणी नाही."

ऑकलंडहून धाकटी कालो आत्या आली. म्हणाली, "तिला काय कळतंय गं? भर माणसांतून उठून चालू लागली म्हणजे? दादाचं हसं होईल. मी बसते."

"तुला बसायचं तर तिच्या मागं बस," मी म्हणाले. भाचीनं आत्याशी असं बोलायचं नसतं, पण बोलले.

लेसिएली आत्याला उशाशी बसवलं. एरवी लेकीनं बापाच्या पायाशी बसायचं, पण तिला सांभाळायला म्हणून मला शेजारी बसू दिलं.

"कोण गं हे?" तिनं विचारलं.

"मानासे, तुझा भाऊ. गेले ते, आत्या."

तिनं हंबरडा फोडला. जरा वेळानं डोळे पुसले, खाली बघितलं आणि पुन्हा तेच विचारलं. पुन्हा सांगितलं. पुन्हा तसाच हंबरडा, जणू आताच कळलं. तिसऱ्यांदा माझी जीभ रेटेना.

"मानासे झोपलाय," मी म्हणाले.

तिचा चेहरा निवळला. मग तिनं आक्रोश करणाऱ्या बायकांकडे डोळे वटारले आणि ओठांवर बोट ठेवलं.

"गप बसा. माझा भाऊ निजलाय."

शंभरेक माणसं गप्प झाली. चर्चची गाणी गाणारे अर्ध्या कडव्यात थांबले. कालो आत्यानं तोंडावर हात दाबून धरला. थोरल्या बहिणीचा शब्द मोडायचा कसा? शवपेटी उचलेपर्यंत कुणी हूं की चूं केलं नाही, आणि ती बाबांच्या कपाळावरच्या माश्या वारत राहिली.

मला बापासाठी एकदा मोठ्यानं रडायचं होतं. ते राहिलं ते राहिलंच.