सत्कारात बाटली

आज माधवनगरात माझ्या दादाचा सत्कार होता. दादा फुटबॉलचा एवढा मोठा खेळाडू, पण दारूनं त्याचा खेळ संपवला. सहा वर्षांपूर्वी त्यानं ती सोडली आणि आता सगळं खरं पुस्तकात लिहिलंय. सत्कार त्या पुस्तकाचाच!

शाल-नारळ झाला आणि आमच्याच गल्लीतल्या रिटायर फौजी काकांनी स्टेजवर त्याच्या हातात मिलिटरी कॅन्टीनची रम ठेवली. "गड्या, तुझ्यासाठी राखून ठेवलीया. मानाची हाय, न्हाई म्हणू नगंस!"

खाली शिट्ट्या सुरू.

मी स्टेजवर चढून बाटली हिसकावून घेतली. "काका, पहिला कप जिंकला तवाबी मानाची म्हणून तुमीच पाजली हुती. पुस्तकात पहिल्याच पानावर हाय, वाचा की!"

एवढा गुणी खेळाडू दारूच्या नादी लागलाच कसा, असं मला विचारणाऱ्यांनो, आज शिट्ट्या कुणी मारल्या ते आधी सांगा.